मोठ्या वॅटचा एसएमपीएस आणि 'रेल'चा घोळ

हजार वॅटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, पारखायचा तर आज इलेक्ट्रॉनिक लोड, ऑसिलोस्कोप आणि आतून तापवलेली पेटी असा सरंजाम लागतो. वीस वर्षांपूर्वी पुण्याच्या तपकीर गल्लीतला दुकानदार डबा हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "वजन बघा, साहेब." पद्धत अगदीच खुळी नव्हती. ट्रान्सफॉर्मर, कॉइल, हीटसिंक यांत हात आखडला की डबा हलका लागायचाच. स्टिकरवरच्या वॅटपैकी कामाचे किती, हे मात्र वजनावरून कळायचं नाही.

१९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीचं ६३.५ वॅटमध्ये भागत होतं. १९९५ला एटीएक्स हे पीसीच्या रचनेचं मानक आलं तेव्हाही मुख्य ओझं ५ आणि ३.३ व्होल्टवरच होतं. २०००च्या अखेरीस आलेल्या पेंटियम ४ने प्रोसेसरची वीज १२ व्होल्टवर नेली. तेवढेच वॅट चढ्या व्होल्टेजवर नेले की अँपिअर कमी लागतात, तारा कमी तापतात. आपल्याकडे कॅबिनेटसोबत मिळणारे डबे मात्र बरीच वर्षं जुन्याच वाटणीवर चालले. एक अजून माझ्याकडे पडून आहे. वर ठळक '४५० वॅट', खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. गुणाकार केला की १६८.

खरा घोळ २००३नंतरचा, आणि तो 'रेल' या शब्दाचा. त्या वर्षीच्या एटीएक्स १२व्ही २.० या डब्यांच्या मानकात २४ पिनांचा कनेक्टर आला आणि १२ व्होल्टची विभागणीही. सुरक्षेचा नियम असा होता की तारांच्या एका गटातून २४० व्होल्ट-अँपिअरपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही, म्हणजे २० अँपिअर. अशा एकेका गटाला 'रेल' म्हणू लागले आणि स्टिकरवर १२व्ही१, १२व्ही२ अशा ओळी दिसू लागल्या. लोकांना वाटलं, आत दोन वेगळे पुरवठे आहेत. तसं काही नव्हतं. घरात मीटर एकच असतो, स्वयंपाकघराची एमसीबी वेगळी आणि हॉलची वेगळी, तसलाच प्रकार. ट्रान्सफॉर्मर एक, पुढे तारांचे गट आणि प्रत्येक गटाला आपली मर्यादा.

२००४पासून एका मशिनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं बसू लागली आणि पाठोपाठ हजार वॅटचे डबे आले. काही उत्पादकांनी दोन्ही कार्डांच्या तारा एकाच गटात टाकल्या. मग गेम रंगात आला की मशीन धपकन बंद. एकूण क्षमता निम्मीही वापरलेली नसे, प्रोसेसरचा गट निवांत बसलेला असे. दुसरीकडे असेही डबे होते की स्टिकरवर चार रेल आणि उघडून बघावं तर १२ व्होल्टच्या सगळ्या पिवळ्या तारा एकाच जागी डाग दिलेल्या, मर्यादेचं सर्किटच गायब. २००७च्या आवृत्तीत ही २४०ची अट निघाली आणि 'सिंगल रेल' हे खोक्यावर मिरवायचं बिरूद झालं.

माझ्या मते इथे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. दोष वाटणीत होता, मर्यादेत नव्हता. हजार वॅट एकाच रेलवर म्हणजे ८३ अँपिअर आणि संरक्षण त्याच्याही वर लावलेलं. एखाद्या बारीक तारेत अर्धवट शॉर्ट होऊन ४०-५० अँपिअर गेले तरी डब्याला ते रोजचंच काम वाटतं.

८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची पदकंही याच काळातली. मूळ प्रमाणपत्र २००४चं, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड २००८चे. पदक फक्त कार्यक्षमतेचं असतं, तेही मुख्यतः ११५ व्होल्टवर आणि २३ अंशांच्या आसपास मोजलेलं. आपल्या २३० व्होल्टवर आकडा थोडा सुधारतो, पण नागपूरच्या मे महिन्यातली खोली त्या हिशेबात नाही. रिपल (बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजमधली थरथर) किती, यूपीएस वीज बदलून घेईपर्यंतचे काही मिलिसेकंद डबा तग धरतो का, यावर पदक गप्प. (१६०० वॅटचा घेणाऱ्यांनी भिंतीवरचं सॉकेटही बघावं. पूर्ण लोडवर तो साडेसात अँपिअर ओढतो, साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं.)

२०२२मध्ये एटीएक्स ३.० आलं. नव्या ग्राफिक्स कार्डांच्या क्षणिक उसळ्यांनी चांगले चांगले डबे ट्रिप होत होते. म्हणून १०० मायक्रोसेकंदांपुरता नोंदलेल्या वॅटच्या दुप्पट भार सोसायची अट आली. सोबत ६०० वॅट एकट्याने नेणारा १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर आला आणि त्याच ऑक्टोबरपासून वितळलेल्या प्लगांचे फोटो फिरू लागले. जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये १५० वॅट तीन तारांवर, म्हणजे तारेमागे ४.२ अँपिअर. नव्यात सहा तारांवर ५० अँपिअर, म्हणजे तारेमागे ८.३. आधी ठपका वापरणाऱ्यावर आला, की प्लग पूर्ण दाबला नाही. २०२३मध्ये सेन्स पिना (किती वीज ओढता येईल हे कार्डाला सांगणाऱ्या) आखूड केल्या, जेणेकरून प्लग अर्धवट बसला तर कार्डाने वीजच ओढू नये.

तरी २०२५च्या सुरुवातीला नव्या कार्डावर एकाच तारेतून २० अँपिअरच्या वर मोजले गेले. सहाही तारा कार्डावर एकत्र जोडलेल्या, त्यामुळे ज्या पिनेचा संपर्क चांगला तिच्यावरच भार. डब्याला दिसते ती फक्त बेरीज, आणि बेरीज ठीकच असते. २४०ची जुनी अट राहिली असती तर ५० अँपिअरचा हा कनेक्टर एका गटावर बसलाच नसता. आता काही महागड्या कार्डांवर पिनेगणिक अँपिअर मोजतात.