डोंगरावरच्या फिल्म्स, ऑस्कर आणि कॅमेऱ्यामागची शंभर वर्षं

बऱ्याच जणांना वाटतं की २०१९ ला 'फ्री सोलो' या रोपशिवाय कडा चढणाऱ्याच्या डॉक्युमेंटरीला ऑस्कर मिळालं ती डोंगरवाल्यांची पहिलीच वेळ. तसं नाहीये. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १९७६ च्या सोहळ्यात, एव्हरेस्टवरून स्की करत खाली येणाऱ्या एका जपानी माणसाच्या डॉक्युमेंटरीने, 'द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट'ने, हेच ऑस्कर नेलं होतं, आणि ती फिल्म आज बघितली की टाळ्या वाजवाव्यात का नाही तेच कळत नाही. त्यावर येतोच, पण आधी थोडं मागे जावं लागेल, कारण या सगळ्या प्रकारात पैसा, प्रसिद्धी आणि शेर्पांचे जीव हे पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेलं आहे.

सुरुवात जॉन नोएलपासून धरू. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत तो कॅमेरा घेऊन होता, आणि त्याच मोहिमेत नॉर्थ कोल या उंचावरच्या खिंडीखाली हिमस्खलनात सात भारवाहक गेले. १९२४ ला जॉर्ज मॅलरी या ब्रिटिश क्लाइंबरची पुढची मोहीम निघाली तेव्हा नोएलने काय केलं, तर फिल्म आणि फोटोंचे हक्क ८००० पौंडांना सरळ विकत घेतले. म्हणजे मोहिमेच्या खर्चाचा मोठा भाग फिल्म चालेल या भरवशावर उभा होता, स्पॉन्सरशिप म्हणून आज जे चालतं ते काही नवीन नाही बघा. लांब पल्ल्याची लेन्स लावून तो दूरवरून वरच्या उतारावरचे ठिपके टिपत बसायचा. ८ जूनला मॅलरी आणि त्याचा जोडीदार आयर्विन वर गेले ते परत आलेच नाहीत. मग वरच्या कॅम्पवरच्यांनी बर्फात सहा ब्लँकेटं क्रॉससारखी मांडून खाली निरोप दिला की आशा संपली, आणि नोएलने तेही शूट केलं. शिखराचा एकही शॉट नसताना फिल्म पूर्ण कशी करायची हा प्रश्न त्याच्यापुढे होता, आणि खरं सांगायचं तर 'द एपिक ऑफ एव्हरेस्ट' आज इतकी अंगावर येते ती शिखर नसल्यामुळेच.

पण फिल्म विकायची होती ना. म्हणून नोएलने तिबेटातल्या ग्यांत्सेहून सात लामांना लंडनला आणलं आणि फिल्मच्या आधी स्टेजवर त्यांचा नाच ठेवला. तिबेट सरकारला हे अजिबात आवडलं नाही, शिवाय फिल्ममध्ये उवा खातानाचा एक सीन होता त्यावरूनही तिकडे राग होताच. परिणाम असा की परवानग्या बंद झाल्या आणि पुढची ब्रिटिश मोहीम थेट १९३३ ला जाऊ शकली. एका फिल्मच्या जाहिरातीपायी एव्हरेस्ट नऊ वर्षं लांब गेला. (ही फिल्म ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१३ ला रिस्टोअर केलीय, जमलं तर तीच प्रिंट बघा.)

त्याच काळात जर्मनीत आर्नॉल्ड फांक नावाचा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समध्ये जाऊन कथापट काढत होता. कॅमेरामन स्वतः स्की करणारे आणि चढणारे, स्टुडिओतला खोटा बर्फ नाही. त्याची हिरॉइन लेनी रीफेनश्टाल पुढे हिटलरसाठी प्रचारपट करायला लागली, त्यामुळे या डोंगरी सिनेमावर एक डाग कायमचा बसला.

युद्धानंतर चित्र बदललं. १९५२ ला इटलीत त्रेंतो शहर आणि तिथला अल्पाइन क्लब यांनी मिळून फक्त डोंगरांच्या फिल्म्सचा महोत्सव सुरू केला, या प्रकारातला हा जगातला सगळ्यात जुना, आणि तिथलं मोठं बक्षीस म्हणजे सोन्याचं जेन्शियन, आल्प्समधलं निळं रानफूल. पुढच्याच वर्षी एव्हरेस्ट सर झालं आणि त्या मोहिमेवरच्या 'द कॉन्क्वेस्ट ऑफ एव्हरेस्ट'ला बाफ्टा हे ब्रिटिश फिल्म अवॉर्ड मिळालं, ऑस्करचं नॉमिनेशनही. त्यातलं वरच्या उंचीवरचं शूटिंग जॉर्ज लोवचं, म्हणजे कॅमेरामन नव्हे, मोहिमेतला क्लाइंबर. मात्र शिखरावर मूव्ही कॅमेरा पोचलाच नाही, हिलरीने काढलेल्या तेनझिंगच्या स्टिल फोटोवर काम भागवलं.

आता तो जपानी माणूस. युइचिरो मिउरा. ६ मे १९७० ला तो एव्हरेस्टच्या साऊथ कोल या खिंडीजवळून, साधारण ८००० मीटरवरून, पाठीला पॅराशूट बांधून खाली सुटला. पॅराशूटचा फारसा उपयोग झाला नाही, तो पडला, घसरत गेला आणि एका मोठ्या भेगेच्या जरा अलीकडे थांबला. सगळा मामला दोन-अडीच मिनिटांचा. पण त्या दोन-अडीच मिनिटांसाठी शेकडो भारवाहक सामान वाहत होते आणि त्याआधी खुंबू आइसफॉलमध्ये, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या तुटक्या हिमनदीत, बर्फ कोसळून सहा शेर्पा मेले होते. शूटिंग जपानी टीमचं, फिल्म तयार केली कॅनडाच्या क्रॉली फिल्म्सने, आणि निवेदन मिउराच्या डायरीवर बेतलेलं. फिल्ममध्ये ते मृत्यू आहेत, लपवलेले नाहीत, पण डायरीतलं चिंतन काही मिनिटं चालतं आणि मोहीम पुढे जाते. मला तरी तिथेच अडकायला होतं. मिउरा स्वतः जबरदस्त माणूस आहे, २०१३ ला ८० व्या वर्षी एव्हरेस्ट चढला, त्याबद्दल वाद नाही, वाद फ्रेम कुणावर धरली याचा आहे.

त्याच १९७६ ला कॅनडात बॅन्फचा महोत्सव सुरू झाला, जो पुढे वर्ल्ड टूरमुळे घरोघरी पोचला, मुंबई-पुण्यातही त्याचे शो झालेत. नंतर कॅमेरे हलके झाले आणि चढणारेच शूट करायला लागले. 'मेरू' हे त्याचं भारी उदाहरण. आपले लोक गोमुख-तपोवनला जातात त्याच भागातला ६३१० मीटरचा डोंगर, २००८ ला तिघं क्लाइंबर सात दिवसांचं अन्न घेऊन गेले, वीस दिवस लटकले आणि शिखर जेमतेम शंभर मीटरवर असताना परतले, मग २०११ ला पूर्ण केलं. २०१५ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांचं अवॉर्ड. त्यातल्याच जिमी चिनने बायको चाय वसरहेलीबरोबर पुढे 'फ्री सोलो' केली, आणि तिथे प्रश्न उलटा होता: क्लाइंबर ॲलेक्स होनोल्ड रोपशिवाय अमेरिकेतल्या एल कॅपिटनवर, जवळजवळ ३००० फूट उभा कडा, आणि आपल्या कॅमेऱ्यामुळे तो पडला तर? सगळ्यात अवघड जागी म्हणून रिमोटवरचे कॅमेरे लावले, आणि खाली उभा असलेला एक कॅमेरामन तर वर बघायलाच तयार नाही, तो शॉट फिल्ममध्ये ठेवलाय.

पण माझ्या मते या इतिहासात खरं वळण आलं 'शेर्पा' या डॉक्युमेंटरीने. तिची दिग्दर्शिका जेनिफर पीडम २०१४ चा सीझन शूट करायला गेली होती, फुर्बा ताशी हा शेर्पा बाविसाव्यांदा एव्हरेस्ट चढणार म्हणून. १८ एप्रिलला आइसफॉलवर बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. यावेळी मोहीम पुढे गेली नाही, शेर्पांनी चढायला नकार दिला आणि कॅमेरा त्यांच्यावरच राहिला, त्यांच्या सभा, सरकारने सुरुवातीला जाहीर केलेली जेमतेम ४०० डॉलरची मदत, पैसे भरलेल्या क्लायंटची चिडचिड, सगळं. लंडन महोत्सवात तिला बेस्ट डॉक्युमेंटरीचं अवॉर्ड मिळालं.

बघायच्याच असतील तर नोएलची १९२४ ची, मग मिउराची आणि लगेच 'शेर्पा' अशा लागोपाठ बघा, 'फ्री सोलो' तर काय सगळ्यांनी बघितलेलीच असते.