चार ओळींची दुरुस्ती आणि चाळीस जीबीचा पॅच

‘डिस्क विकत घेतली की डाउनलोडची कटकट मिटली’ हा समज व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमध्ये अजून पक्का आहे. मग नवीकोरी डिस्क कन्सोलमध्ये जाते, पडद्यावर ‘अपडेट आवश्यक’ असं झळकतं, पुढे चाळीस-पन्नास जीबीचा आकडा दिसतो आणि शिव्याशाप सुरू होतात. कंपन्या मुद्दाम करतात, अर्धाच गेम डिस्कवर देतात, वगैरे. यातल्या दुसऱ्या आरोपात अधूनमधून तथ्य असतं. २०२२ साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम सत्तरेक एमबी डेटा निघाला होता, बाकीचा सगळा गेम इंटरनेटवरून उतरवायचा. अशी डिस्क म्हणजे नुसती किल्ली. पण डिस्कवर गेम पूर्ण असतानाही पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करायला मागाहून उतरवावा लागणारा डेटा, अवाढव्य का येतो, याचं उत्तर फार मजेशीर आहे आणि ते निम्मं त्या डिस्कच्याच स्वभावात दडलंय.

मुळात आजचा गेम डिस्कवरून चालतच नाही. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले तेव्हापासून डिस्कवरचा डेटा आधी आतल्या हार्ड डिस्कवर उतरवावा लागतो. त्यानंतर डिस्क फक्त ‘गेम माझ्याकडे आहे’ एवढी साक्ष द्यायला आत असते. कारण सरळ आहे, ब्लू-रे डिस्क प्रचंड साठवते पण सावकाश देते. तिच्यावर ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळट लेझर पडतो, डेटाच्या गोल गोल फिरत जाणाऱ्या रेषेच्या मागोमागच्या फेऱ्यांमध्ये अंतर फक्त ०.३२ मायक्रोमीटर आणि एका थरात मावतात २५ जीबी. सीडीवर हेच अंतर १.६ मायक्रोमीटर होतं. प्लेस्टेशन ४ चा ड्राइव्ह सेकंदाला जास्तीत जास्त २७ एमबी वाचतो, तेही डिस्कच्या बाहेरच्या कडेला. फिरण्याचा वेग ठरलेला असल्यामुळे आतल्या बाजूला एका फेरीत डेटा कमी येतो आणि वेग अकरा-बारा एमबीवर उतरतो. दोन थरांची ५० जीबीची डिस्क सगळ्यात चांगल्या वेगानं वाचली तरी अर्धा तास जातो. प्लेस्टेशन ५ चा एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली साठवण, तेवढाच डेटा दहा सेकंदांच्या आत वाचतो.

पण खरी गोम वेगात नाही, शोधण्यात आहे. लेझरचं भिंग एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवायचं, नेमकी फेरी पकडायची आणि वाचायला लागायचं यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. समजा गेमला भिंतीचं एक टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र, हवंय, अर्ध्या एमबीचं. ते वाचायला साधारण १९ मिलिसेकंद लागतात आणि तिथे पोचायला शंभरच्या वर. असं प्रत्येक भिंतीला, झाडाला, आवाजाला होऊ लागलं तर पडदा गोठणारच.

यावर डेव्हलपरांनी दोन युक्त्या काढल्या. एक, हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या ठेवायच्या नाहीत. एका भागाला लागणारं सगळं सलग एकाच मोठ्या पॅक फाइलमध्ये कोंबायचं. दोन, तीच वस्तू दहा भागांत लागत असेल तर तिच्या दहा प्रती करून प्रत्येक भागाच्या शेजारी ठेवायच्या, म्हणजे भिंगाला उड्या माराव्या लागत नाहीत. हार्ड डिस्कवरही वाचणारा काटा सरकतोच, त्यामुळे हीच रीत तिथेही चालू राहिली. प्लेस्टेशन ५ ची रचना समजावताना मार्च २०२० मध्ये तिचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितलं होतं, की ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’मध्ये काही वस्तूंचा डेटा हार्ड डिस्कवर ४००-४०० वेळा होता. ‘हेलडायव्हर्स २’ या गेमच्या पीसी आवृत्तीतून २०२५ च्या शेवटी अशा जास्तीच्या प्रती काढल्या, तेव्हा सुमारे १५० जीबीचा गेम २३ जीबीवर आला. जुन्या हार्ड डिस्कवर तो उघडायला लागणाऱ्या वेळेत फरक पडला तो काही सेकंदांचा.

आता पॅचकडे वळू. एका टेक्स्चरमध्ये दुरुस्ती केली आणि त्याच्या शंभर प्रती असतील तर शंभर ठिकाणी बदल करावा लागतो, हे उघड आहे. पण एकच प्रत असली तरी भानगड होतेच. सर्व्हरला कसं कळणार, की तुमच्याकडच्या ६० जीबीपैकी नेमकं काय बदललं? त्यासाठी फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे करतात. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर असा तुकडा सुमारे १ एमबीचा असतो. प्रत्येक तुकड्याचा हॅश काढतात, म्हणजे त्यातल्या सगळ्या बाइटांवरून गणितानं निघालेली एक छोटी संख्या. एक बाइट बदलला तरी हॅश साफ बदलतो. जुने आणि नवे हॅश ताडून पाहायचे आणि न जुळणारे तुकडे तेवढे डाउनलोड करायचे.

कल्पना झकास आहे, पण फाइलच्या सुरुवातीला एकच बाइट वाढला तर? मग त्यामागचा प्रत्येक बाइट एक घर पुढे सरकतो आणि प्रत्येक तुकड्याची सीमा चुकते. मजकूर तोच, पण एकही हॅश जुळत नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन ओळी घातल्या की पुढच्या सगळ्या पानांचा मजकूर सरकतो, तसंच हे. एका बाइटापायी साठ जीबी!

या अडचणीवरचा तोडगा मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ या फाइली जुळवून घेणाऱ्या प्रोग्राममध्ये तो वापरला. सीमा सरकल्या असतील तर तुकडा ठरावीक जागी शोधायचाच नाही, प्रत्येक बाइटापासून सुरू होणारा तुकडा तपासायचा. ऐकायला हे वेडेपणाचं वाटतं, कारण दर वेळी लाखो बाइटांची बेरीज कोण करणार? पण बेरीज नव्यानं करावीच लागत नाही. चार बाइटांची खिडकी घ्या: ७, ३, ९, ४. बेरीज २३. खिडकी एक घर पुढे सरकली, ७ बाहेर गेला आणि ६ आत आला. २३ मधून ७ वजा करून ६ मिळवले की झाले २२. खिडकी चारची असो की दहा लाखांची, काम तेवढंच: एक वजाबाकी, एक बेरीज. नुसत्या बेरजेला बाइटांचा क्रम कळत नाही, ३-९ आणि ९-३ तिला सारखेच; म्हणून जोडीला क्रमानुसार वजन दिलेली दुसरी बेरीज ठेवतात. तीही अशीच सरकत मोजता येते, कारण खिडकी सरकली की उरलेल्या प्रत्येक बाइटाचं वजन सारख्याच पायरीनं बदलतं. या कच्च्या चाळणीतून जो तुकडा जुळल्यासारखा वाटेल, तेवढ्याचाच पक्का, महागडा हॅश काढायचा. सरकलेला मजकूर अचूक सापडतो.

मग अडतं कुठे? अडतं कॉम्प्रेशनपाशी. कॉम्प्रेशन म्हणजे ‘हे मागे येऊन गेलंय, तिकडे बघा’ असे संदर्भ देत डेटा लहान करणं. सुरुवातीला काही बदललं की त्यावर टेकलेले पुढचे संदर्भ बदलतात आणि दाबलेली फाइल पुढे दूरवर वेगळीच दिसू लागते. त्यावर साखळी पद्धतीचं एन्क्रिप्शन, म्हणजे प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर अवलंबून असलेलं कुलूप, असेल तर बघायलाच नको. आरसिंकची खिडकी कितीही सरकवा, जुळणारं काही उरतच नाही. यातून सुटायला प्रत्येक वस्तू वेगळी दाबायची, पॅक फाइलमधला क्रम दर वेळी ढवळायचा नाही आणि नवा माल शक्यतो शेवटी जोडायचा. असं केलं की फाइल जराशी फुगते, पण पॅच आटोक्यात राहतो. घाईतल्या टीमकडून हे होतंच असं नाही. डाउनलोड तीनशे एमबीचं असूनही नंतर ‘इन्स्टॉल होत आहे’ची पट्टी रेंगाळते, तेही पॅक फाइलमुळेच: जुनी फाइल वाचून शेजारी नवी अख्खी फाइल लिहिली जात असते. म्हणून तर पॅच लहान असला तरी मोकळी जागा भरपूर मागतो.

मधल्या मध्ये एक भाबडी समजूत निकालात काढू. डिस्कवरून इन्स्टॉल केलेला गेम ‘जास्त स्मूद’ चालतो, त्याचे रंग जास्त खुलतात, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. आवृत्ती तीच असेल तर इन्स्टॉल झाल्यावर दोन्हीकडे बाइट न् बाइट तोच असतो. रंग खुलायला जागाच नाही. दुसरी समजूत टूथपेस्टची. ओरखडे घालवायला ती डिस्कवर घासतात. सीडीत लेझर १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकमधून आत जातो, ब्लू-रेमध्ये डेटावर अवघा ०.१ मिलिमीटरचा थर आणि त्याच्यावर कठीण लेप असतो. टूथपेस्ट पहिल्यांदा तो लेपच खरवडते.

मालकीचा मुद्दा थोडक्यात. डाउनलोड केलेला गेम हा बहुधा परवाना असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. पण डिस्क असली म्हणजे सगळं शाबूत, असंही नाही. ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि त्याच्या डिस्कही निकामी झाल्या.

शिवाय डिस्कवर छापलेलं बदलता येत नाही. कारखान्यात डिस्क ठोकायला सुरुवात होते ती विक्रीच्या काही आठवडे आधी, आणि त्या आठवड्यांत सापडलेल्या चुका पहिल्या दिवसाच्या पॅचमध्ये जातात. तुमच्या डिस्कवर नेमकं काय आहे हे पाहायचं असेल तर कन्सोलचं इंटरनेट बंद करून ती इन्स्टॉल करा आणि गेमच्या माहितीत आवृत्ती बघा. बहुतेक वेळा १.०० दिसेल. उद्या सर्व्हर नसले तर तुमच्या हाती राहील तो हाच गेम, त्यातल्या सगळ्या चुकांसकट. गेम संपवता येतो का, की मध्येच अडकतो, हे त्याच अवस्थेत थोडं खेळून पाहा.