यकृतका आणि कावीळ : एका जुन्या समजाचा खुलासा

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीच्या ओलसर धुऱ्यावर (बांधावर) पावसाळ्यात रुपयाएवढी हिरवी, चपटी चकती मातीला चिकटून वाढते. ही रिक्सिया, पाठ्यपुस्तकातल्या चित्रात दिसते ती बहुधा मार्केन्शिया. दोन्ही यकृतका (लिव्हरवर्ट) या बिनफुलांच्या छोट्या वनस्पतींच्या गटातल्या, म्हणून ‘यकृतासारखी दिसते, तेव्हा काविळीवर चालते’ हा समज दोघींनाही चिकटला आहे.

हा समज मुळात युरोपातला आहे. वनस्पतीचा आकार ज्या अवयवासारखा, त्याच अवयवाचे ती औषध, असे तिथे मानले जाई आणि स्विस वैद्य पॅरासेल्सस (१४९३–१५४१) याने या मताचा पुरस्कार केला. गटाचे नावही त्या साम्यावरूनच पडले. नाव हा गुणाचा पुरावा नव्हे.

शिवाय साम्य तरी किती? मार्केन्शियाचे पाळीदार, रुंद अंग यकृताची आठवण करून देते, तिच्या पाठीवर कळ्यांचे (फुलांच्या नव्हे, नवे रोप देणाऱ्या कणांचे) इवले पेले असतात आणि प्रजननाच्या काळात छत्रीसारखे देठ वर येतात. रिक्सियात पेलेही नाहीत, देठही नाहीत. वारंवार दुभागत गेलेल्या तिच्या फांद्यांची फुलासारखी चकती होते आणि बीजाणूंची पिशवी अंगातच रुतलेली राहते, ती भोवतालचे अंग कुजल्यावरच मोकळी होते. मला तर हा साधेपणाच अधिक सुंदर वाटतो.

साथीची कावीळ बहुतेकदा दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे होते. म्हणून रुग्णाला धुऱ्यावरची चकती वाटून देऊ नये. त्याची रक्ततपासणी करावी आणि घरात पाणी उकळून प्यावे.