काळं ऑइल चोपडलं म्हणून चासी वाचत नाही

पावसाळा तोंडावर आला की बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडं जुन्या जीपच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, जळकं ऑइल चोपडतात. ‘ऑइल लावलं की गंज मरतो’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. मरत नाही, नुसता झाकला जातो. इंजिनातून काढलेल्या ऑइलात आम्लांचा अंश असतो, शिवाय सांध्यांतले रबरी बुश त्यानं फुगतात ते वेगळंच.

खरी गोम आत आहे. बॉक्स चासी पोकळ असते. पाणी निघायची भोकं तांबड्या चिखलानं बुजली की ती आतून सडत जाते, बाहेरून मात्र काळी तुळतुळीत. म्हणून खालून हातोडीनं हलकं ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, सडकं बद्द वाजतं. तिथं स्क्रूड्रायव्हर टोचला तर थेट आत जातो.

गंजावरच पट्टी ठेवून वेल्डिंग मारू नका, टाका धरत नाही. सडका भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा भरायचा. आधी बॅटरीची तार काढायची, आणि ते ऑइलही पुसायचं, नाहीतर पेट घेईल! मग प्रायमर, रंग, आतून मेणाचा फवारा. चासी नंबरच्या जागी ग्राइंडर लावू नका. आरटीओत पासिंगला गाडी अडकते.