खेळाच्या पटावर स्त्री-इतिहास : नागपूरच्या अंगाने

स्त्रियांच्या चळवळींचा इतिहास मुलांना पत्ते, पट, कोडी यांतून शिकवायचा, ही कल्पना आज नवी वाटते. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०९च्या सुमारास लंडनमध्ये मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने ‘सफ्राजेटो’ नावाचा पटावरचा खेळ काढला. एकीकडे आंदोलक स्त्रिया, दुसरीकडे पोलीस. स्त्रियांनी संसदेत शिरायचं, पोलिसांनी त्यांच्या सभागृहात. पकडली गेलेली आंदोलकाची सोंगटी थेट तुरुंगात. बायका तेव्हा खरोखरच तुरुंगात जात होत्या.

त्याआधी, १९०४ साली, अमेरिकेत लिझी मॅगी यांनी ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं होतं. जमिनीची मक्तेदारी बाकीच्यांना कशी कंगाल करते, हे खेळता खेळता कळावं हा त्यांचा हेतू. पुढे त्यातूनच ‘मोनोपॉली’ आली, आपल्याकडे तिचाच ‘व्यापार’ झाला. पण मॅगी यांचं नाव अनेक दशकं कुणाला ठाऊक नव्हतं आणि नियम बदलताच मूळ शिकवणही गेली. खेळात शिकवतात ते नियम, वरची चित्रं नव्हेत.

विदर्भाला यासाठी लांब जायची गरज नाही. इथे भुलाबाई आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी जमून गाणी म्हणतात. सासरचा सगळा जाच त्या गाण्यांत येतो. मग खिरापत ओळखायची. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकायचा, ‘गोड की तिखट?’ विचारायचं, एकेक पदार्थ बाद करत जायचं. उत्तर आधी न सांगता उत्सुकता ताणून धरण्याची ही रीत कुठल्याही इतिहासाच्या पत्त्यांना जशीच्या तशी लागू पडेल.

आणि इतिहास? तो तर शहरातच आहे. २० जुलै १९४२ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, भाषणाला डॉ. आंबेडकर, समोर हजारो स्त्रिया. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा आणि पेन्शन, कायदेमंडळात जागा, असे ठराव तिथे झाले. हिंदू विवाह कायदा यायला अजून तेरा वर्षं होती! जाईबाई चौधरी याच शहरातल्या. डोक्यावर ओझी वाहण्याचं काम केलेल्या या बाईने शिकून १९२२ साली मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली.

अशा आयुष्यासाठी सापशिडीचा साचा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. सापशिडीत शिडी फाशाच्या दानाने मिळते. जाईबाईंना ती नुसत्या दानाने मिळाली नव्हती. शिकल्यावर त्यांनी ती दुसऱ्या मुलींसाठी उभी केली. म्हणून इथे नशिबाचे नव्हे, निवडीचे खेळ हवेत: कुणाला सोबत घ्यायचं, कोणती मागणी आधी रेटायची.

१९४२चे ठराव त्यासाठी तयार पत्तेच आहेत. स्त्रिया काम करतात त्या गिरणीत देखरेखीला बाईच हवी, हाही त्यांतलाच एक. एम्प्रेस मिल या जुन्या कापड गिरणीच्या शहरात हा पत्ता आठवी-नववीच्या मुलांपुढे टाकावा आणि एकाला मालक, एकीला साचेवाली (यंत्रावरची कामगार), एकाला मुकादम करावं. पुरुष मुकादमाबद्दल कामगार बायकांची तक्रार काय असेल, हा प्रश्न मग मुलंच विचारतील.