सिग्नल फुल, तरी नेट का रखडतं?

लॅपटॉपवर वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, तरी व्हिडिओ अडकतो. मग खापर फुटतं नेट पुरवणाऱ्या कंपनीवर, आणि अनेकदा ते चुकीच्या डोक्यावर फुटतं. नेट अडकलेलं असतानाच विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' द्या. 'डीफॉल्ट गेटवे'पुढे राउटरचा पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. त्या पत्त्याला 'पिंग' करा, म्हणजे 'पिंग' लिहून पुढे तो पत्ता द्या. राउटर किती वेळात उत्तर देतो ते दिसेल. उत्तरं सतत १ ते ५ मिलिसेकंदांत आली तर वाय-फाय ठणठणीत आहे, दोष राउटरच्या पलीकडे शोधा. आकडा मधूनच १००-२०० वर जात असेल, तर दुखणं घरातच आहे. (लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा.)

सिग्नल भरपूर असूनही असं का होतं? कारण चिन्ह फक्त राउटरचा आवाज किती मोठा ते सांगतं. बोलायची पाळी कधी मिळणार, ते सांगत नाही. एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. म्हणून प्रत्येक उपकरण आधी ऐकतं. शांतता मिळाली की ० ते १५ मधला एक आकडा यदृच्छया निवडतं आणि ९-९ मायक्रोसेकंदांनी तो उलटा मोजतं. मध्येच कोणी बोललं तर मोजणी थांबते. शून्यावर पोचलं की संदेश जातो. पोच आली नाही, तर टक्कर झाली असं धरून पुढचा आकडा ० ते ३१ मधून, मग ० ते ६३ मधून, असं थेट १०२३पर्यंत. मध्यवर्ती नियंत्रक नसताना साध्या यदृच्छेवर ही शिस्त उभी आहे, हे खरोखर अद्भुत आहे.

यात संथ उपकरण सगळ्यांना मागे खेचतं. १५०० बाइटचा एक संदेश म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला ६५ मेगाबिट वेगाने ते ०.२ मिलिसेकंदात जातात. लांबच्या खोलीतलं उपकरण १ मेगाबिटवर उतरलं की त्यांना १२ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ बाकीचे गप्प.

सोसायटीत वीस राउटर असतील तर २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) १, ६ किंवा ११ हेच चॅनेल निवडा, कारण ते एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ४ 'रिकामा' दिसतो, पण तो फसवा. आपल्याच चॅनेलवरचा शेजारी −८२ डीबीएम (सिग्नलच्या तीव्रतेचं एकक) इतका क्षीण असला तरी त्याचा संदेश ओळखू येतो आणि पाळी पाळली जाते. आपल्या चॅनेलवर अर्धवट चढलेल्या शेजारच्या चॅनेलवरचं बोलणं मात्र निव्वळ गोंगाट असतं. तो −६२च्या वर, म्हणजे शंभरपट तीव्र, होईपर्यंत उपकरण थांबतच नाही. मग टकरा होतात.

खरा उपाय ५ गिगाहर्ट्झ. तिथे चॅनेल जास्त आहेत, आणि भिंतीतून सिग्नल कमी जातो म्हणून शेजाऱ्यांचा त्रासही कमी. लॅपटॉप कुठे जोडलाय ते वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये बँड आणि चॅनेल पाहून कळतं. राउटरवर चिकटवायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकर विकत घेऊ नका. ते सिग्नल खरोखर अडवत असते तर वाय-फायच बंद पडलं असतं.

चार्जर काढल्यावरच वाय-फाय तुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय ॲडॅप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जा. वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी तिथे असते. तिची खूण काढा.