सरकारी जागा ‘वर्ग’ झाली की ‘प्रदान’ झाली? आधी घेणारा कोण ते बघा

परवा परत तेच. गावाकडच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एकानं बांधकाम खात्याच्या पत्राचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, ‘जागा ग्रामपंचायतीला वर्ग झाली, सगळ्यांचं अभिनंदन’. पत्र मोठं करून वाचलं तर आत एवढंच, की सदर जागेची या कार्यालयास आवश्यकता नाही, सबब ना हरकत. यात कुणी काय दिलं आणि कुणाला काय मिळालं, सांगा की ओ. मी सोलापुरात गेली बरीच वर्षं लोकांचे महसुलाचे अर्ज लिहून देतो आणि हा गोंधळ महिन्यातून दोनदा तरी समोर येतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

सातबारा तुम्हाला वाचता येतो असं धरतो, ते समजावत बसत नाही. जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०, जी जमीन दुसऱ्या कुणाची नाही ती राज्य शासनाची, हेही सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते याच्या पुढं.

लोकांच्या डोक्यात ‘सरकार’ नावाचं एकच मोठं घर असतं, पीडब्ल्यूडी, महापालिका, झेडपी, एसटी, एमआयडीसी सगळे त्यातलेच, मग एकानं दुसऱ्याला जागा दिली तर त्यात काय एवढं. पण कायद्याच्या नजरेत हे एक घर नाही. सार्वजनिक बांधकाम, पोलीस, वन, जलसंपदा ही शासनाची खाती. खात्याला स्वतःची मालकी नसते, मालक महाराष्ट्र शासन, खातं नुसतं सांभाळणारं. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, एसटी महामंडळ, विद्यापीठ हे मात्र कायद्यानं जन्माला घातलेले वेगळे ‘व्यक्ती’ आहेत, त्यांच्या नावानं मालमत्ता होते, त्यांच्या नावानं दावा लागतो. ओळखायची सोपी खूण हीच, कोर्टात दावा कुणाच्या नावानं लागतो ते बघा. बांधकाम खात्यावर लावायचा तर महाराष्ट्र शासनावर लावावा लागतो आणि आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. महापालिकेवर लावायचा तर महापालिकेच्याच नावानं.

आता यावरूनच दोन शब्द वेगळे होतात. पोलीस खात्याची रिकामी जागा बांधकाम खात्याला दिली तर मालक बदललाच नाही, सांभाळणारा बदलला, याला जमीन वर्ग करणं म्हणायचं. सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन तसंच राहतं, खात्याचं नाव तेवढं बदलतं. तीच जागा महापालिकेला द्यायची असेल तर शासन आपल्या हातातून ती दुसऱ्या व्यक्तीला देतंय, याला प्रदान करणं म्हणायचं, आणि त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, कुठं जिल्हाधिकारी, कुठं मंत्रालय. आदेशात प्रयोजन लिहिलेलं असतं, कब्जेहक्कानं (म्हणजे भोगवटादार म्हणून) की भाडेपट्ट्यानं ते असतं, भोगवटामूल्य, म्हणजे जागेची किंमत, घेऊन की भोगवटामूल्यरहित ते असतं, आणि खाली अटी. वाचनालयाला दिलेल्या जागेत मंगल कार्यालय काढलं की शर्तभंग, आणि शासन जागा परत घेऊ शकतं. नुसतं वर्ग झालेल्या जागेला असला शर्तभंग कुठून येणार, तिथं देणाराही शासन आणि घेणाराही शासनच.

सगळ्यात जास्त लोक इथं पडतात, की बांधकाम खात्याची जागा आहे मग त्या साहेबांनी सही केली की झालं. अहो जे त्यांच्या मालकीचंच नाही ते ते कसं देतील? खात्याला जागा नको असेल तर ती महसूल विभागाकडं परत जायला पाहिजे आणि तिथनं पुढं प्रदान. ना हरकत म्हणजे ‘आम्हाला नको’, एवढाच तिचा अर्थ. ताबापावतीही तसलीच, किल्ली कुणाच्या हातात आहे ते ती सांगते, हक्क कुणाचा ते सांगत नाही. आगाऊ ताबा, म्हणजे आदेशाआधीच दिलेला ताबा, हा शब्द तर मला बिलकुल आवडत नाही, कारण त्यातलं ‘आगाऊ’ लोक विसरतात आणि ‘ताबा’ तेवढा लक्षात ठेवतात, वर्षानुवर्षं मूळ आदेश निघतच नाही.

सरकारी पत्रात सुद्धा ‘वर्ग’ हा शब्द दोन्हीकडं सैल वापरतात हे मान्य आहे, गोंधळाचं अर्धं मूळ तेच. म्हणून शब्दावर जाऊ नका, घेणारा कोण ते बघा. आणि ‘वर्ग झाली’ मधला वर्ग आणि ‘भोगवटादार वर्ग २’ मधला वर्ग यांचा काही संबंध नाही, वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी धारणा.

नाव ऐकून फसायचं नाही हे सोलापूरकरांना तर वेगळं सांगायला नको. महापालिका म्हणजे कॉर्पोरेशन, १९६४ ला झालेली. स्मार्ट सिटीसाठी काढलेली सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड ही कंपनी आहे, लिमिटेड लिहिलंय की पुढं, म्हणजे तीही वेगळी व्यक्ती, महापालिकेची जागा आपोआप तिची होत नाही. जलसंपदा हे खातं, पण महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ च्या कायद्यानं झालेलं महामंडळ, कागद बघताना दोन्ही एकत्र करू नका. हायवेची तर गंमतच नाही, सरळ चूक होते. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ड खाली घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडं निहित होते, म्हणजे त्यांच्या मालकीची होते, एनएचएआय या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं नव्हे. रेल्वेचंही तसंच, ती केंद्राची, तिच्यावर कलेक्टर ऑफिसला प्रदानाचा अर्ज करून उपयोग नाही. वनाची जागा दुसऱ्या कामाला वळवली तरी तिचा वन हा कायदेशीर दर्जा तसाच राहतो, तो वेगळाच विषय आहे. आणि डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, आरक्षण पडलं म्हणजे जागा मिळाली असं समजणाऱ्यांनी एकच लक्षात ठेवावं, आरक्षण नकाशावर असतं, मालकी सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर.

दक्षिण सोलापूरच्या एका गावचे सदस्य मागच्या महिन्यात प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले होते. चावडीशेजारची जुन्या स्टोअरची जागा, खात्याची ना हरकत हातात, ताबापावती हातात, त्यावर ग्रामपंचायतीनं चार गाळे बांधले, लिलाव पण केला. गाळा घेतलेला एक पोरगा कर्जाला बँकेत गेला, तिथं सातबारा मागितला, वर महाराष्ट्र शासन. तिथनं चौकशी लागली आणि नोटीस आली. सदस्य म्हणाले, आमचा शर्तभंग झाला म्हणतेत. मी म्हटलं, दादा, शर्तभंग व्हायला आधी शर्त लागते, शर्तीला आदेश लागतो, तुमच्याकडं आदेशच नाही, हे अतिक्रमण धरणार. गाव नमुना १-ब, म्हणजे गावच्या महसुली नोंदवह्यांतली एक, काढला, त्यात बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनीत ती जागा जशीच्या तशी, आणि १-ई मध्ये, जिथं अतिक्रमणं लिहितात, ग्रामपंचायतीचं नाव. सरपंचांना फोन लावून तो रकाना वाचून दाखवला तेव्हा पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा नकाशा आणि प्रयोजन स्पष्ट लिहून तहसीलदारांमार्फत प्रस्ताव घातलाय. खात्याची ना हरकत त्यालाच जोडली, तिची खरी जागा तीच. मोजणीची तारीख लागलीय, गाळ्यांची शटरं अजून खालीच आहेत.